एकच स्की, बर्फाच्या नाना तऱ्हा

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं एकाच वस्तूबद्दल आहेत, ती म्हणजे ऑल-माउंटन स्की. ग्रूम केलेला, म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेला रन असो, झाडी असो, टेकाडं असोत की रात्रीत पडलेली पावडर, म्हणजे भुसभुशीत ताजा बर्फ, सगळीकडे न्यावी अशा बेताने बनवलेली जोडी. नवीन वाचकांसाठी सांगते, मी मूळची नाशिकची. राहते कोलोरॅडोत, डेन्व्हरजवळ, आणि हिवाळ्यात शनिवार-रविवारी संध्याकाळी एका स्कीच्या दुकानात ट्यूनिंगच्या, म्हणजे स्कीची धार आणि तळ नीट करण्याच्या टेबलाशी उभी असते. लोकांच्या स्की माझ्यापुढे उलट्या होऊन येतात, त्यामुळे कोण कसल्या बर्फावरून आलंय ते तळ आणि एज, म्हणजे तळाच्या कडेची पोलादी पट्टी, बघून बऱ्यापैकी कळतं. त्या टेबलावरून जे दिसतं त्याच्या जोरावर ही उत्तरं देते आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही बेलव्ह्यूला राहतो. पाच हिवाळे भाड्याच्या स्कीवर काढले. निळ्या (मध्यम) रनवरून निर्धास्त उतरते, काळ्यावरून (अवघड) जपून. यंदा स्वतःची जोडी घ्यायची आहे आणि ती एकच, कारण दुसरीला ना जागा ना पैसे. दुकानदाराने ९८ मिलिमीटरची दाखवली, "ही सगळीकडे चालते" म्हणाला. आमचे हे म्हणतात, ८८ घे. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. बहुतेक वेळा स्टीव्हन्स पास नाहीतर स्नोक्वाल्मी. एक स्की खरंच सगळीकडे चालते का?
– एक वाचक, बेलव्ह्यू, वॉशिंग्टन

उत्तर : चालते. सगळीकडे सारखी चालत नाही, एवढं धरून चाला म्हणजे खरेदी सोपी होईल.

मिलिमीटरचा तो आकडा स्कीच्या सगळ्यात अरुंद जागेचा, म्हणजे बुटाखालच्या रुंदीचा असतो. साधारण ८५ ते १०० मधल्या स्कीला ऑल-माउंटन म्हणतात. त्याहून अरुंद त्या ग्रूम केलेल्या रनसाठी, त्याहून रुंद त्या खोल बर्फासाठी. रुंदी वाढली की स्की तरंगते, हे खरंच आहे. पण हिशेब करून बघा. तुमच्या लांबीच्या स्कीत ८८ वरून ९८ ला गेलात तर तळाचं क्षेत्रफळ जेमतेम नऊ-दहा टक्क्यांनी वाढतं. घोट्याएवढ्या पावडरमध्ये ते धड जाणवतही नाही. गुडघ्याएवढ्या बर्फात जाणवतं, आणि तसे दिवस किती मिळतात ते तुमचं तुम्हाला माहीत आहे.

आता या दहा मिलिमीटरची किंमत कुठे मोजावी लागते ते सांगते. बुटाचा तळ साधारण सत्तर मिलिमीटर रुंद असतो. स्की त्याच्या जितकी बाहेर जाईल तितकी एज पायाच्या मधल्या रेषेपासून लांब पडते. कडक बर्फावर स्की तिरकी करून एजवर तोल धरायचा तर तो ताण घोट्याला आणि गुडघ्याला सोसावा लागतो. शिवाय या एजवरून त्या एजवर जायला क्षणभर जास्त लागतो. दुपारी तीन वाजता, पाय थकल्यावर, हा क्षणभराचा उशीर चांगलाच कळतो.

रुंदीइतकाच आकार महत्त्वाचा, आणि त्याबद्दल दुकानात कुणी सहसा बोलत नाही. दोन्ही स्कीचे तळ एकमेकांना लावून धरा आणि बाजूने बघा. मध्ये, बुटाच्या जागी, फट दिसेल. तो कॅम्बर. तुम्ही वर उभ्या राहिलात की ती फट दबते आणि एज बर्फावर लांबवर टेकते, म्हणून कडक रनवर पकड मिळते. मग नजर टोकाकडे न्या. टोकाच्या बऱ्याच आधी दोन्ही स्की पुन्हा एकमेकींपासून सुटलेल्या दिसतील. तो रॉकर. त्याच्यामुळे टोक मऊ बर्फात खुपसत नाही, वर येतं. एका स्कीला सगळा डोंगर झेपतो तो या दोन गोष्टी एका फळीत बसवल्या म्हणून. शेन मॅकॉन्की या स्कीपटूच्या आग्रहावरून २००२ साली वोलांट कंपनीने आणलेली 'स्पॅच्युला' अख्खीच उलट्या वळणाची होती. पावडरमध्ये अफलातून, कडक रनवर अगदी निरुपयोगी. रॉकरची कल्पना मुख्यतः तिथून पसरली. पुढे तो टोकापुरता, थोडा शेपटीपुरता ठेवून मधे कॅम्बर राखला गेला आणि आजच्या ऑल-माउंटन स्की घडल्या. तेव्हा रुंदीचा आकडा विचारण्याआधी टोकाचा रॉकर किती लांब आहे ते बघा. तो फार लांब असेल तर कडक बर्फावर तुमची १६५ची स्की १५० सारखी वागते, कारण टेकते तेवढीच एज कामाला येते.

आता बर्फाकडे येऊ. आमच्याकडच्या अरापाहो बेसिनला मार्चमधल्या एखाद्या दिवशी, आदल्या दिवशी बेताचा बर्फ पडलेला असला, तर एकाच जोडीवर हे सगळं भेटतं. सकाळी पहिल्या लिफ्टला ग्रूमरच्या ताज्या रेघा. इथे कुठलीही बरी स्की खूश करते, तिच्यावरून मत बनवू नका. तासाभराने मागच्या बाजूच्या मॉन्टेझुमा बाऊलमध्ये गेलं की न तुडवलेल्या जागी घोट्याच्या वर पावडर मिळते. ९५ ची स्की इथे थोडी बुडते, टोक वर राहतं, आणि वेग ठेवलात तर मजेत जाते. हळू गेलात तर रुंद स्कीपेक्षा जास्त मेहनत पडते. साडेदहा-अकरापर्यंत त्याच पावडरचे लोकांनी तुकडे केलेले असतात. इथे मऊ, तिथे खरवडलेलं, मधेच ढीग. स्कीचा कस लागतो तो इथे. हलकी स्की प्रत्येक ढिगावर इकडेतिकडे फेकली जाते. टायटॅनल नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे घातलेली जड स्की ढीग कापत सरळ जाते, थरथर पायापर्यंत येऊ देत नाही. नॉर्डिकाची एन्फोर्सर, फोल्कलची मंत्रा या अशा धातूच्या. हेडची कोर किंवा एलानची रिपस्टिक ९६ यांत धातू नसतो, त्या हाताला हलक्या लागतात आणि टेकाडांत पटपट फिरतात. पॅलाव्हिसिनी लिफ्टखालच्या टेकाडांत माझी धातूची जोडी मला दमवते, आणि त्याच दुपारी खरवडलेल्या रनवर तिच्याइतका भरवसा मला दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

आणि एक बर्फ असा आहे ज्यावर कुठलीच स्की गोड लागत नाही. वर कडक पापुद्रा, खाली मऊ, आणि पापुद्रा तुमच्या वजनाने कधी टिकणार कधी फुटणार याचा नेम नाही. तिथे दोन्ही पायांवर सारखा भार ठेवा, वळणं लांब घ्या आणि ग्रूम केलेला रन गाठा. स्कीला दोष देऊ नका.

आता तुमचा डोंगर. कॅस्केड पर्वतरांगेवर बर्फ समुद्राकडून येतो आणि शून्याच्या जवळपासच्या तापमानात पडतो, म्हणून ओला आणि जड. तिकडे त्याला 'कॅस्केड काँक्रीट' म्हणतात ते उगाच नाही. आमच्याकडे कोलोरॅडोत ताज्या बर्फात पाण्याचा अंश साधारण सात-आठ टक्के असतो, तुमच्याकडे सहज बाराच्या पुढे जातो. स्नोक्वाल्मीचा पास तर समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊशे मीटरवर आहे, तिथे जानेवारीतही पाऊस पडतो. जड बर्फ स्कीला स्वतःच वर उचलून धरतो. म्हणजे तरंगण्यासाठी ९८ ची गरज तुम्हाला आमच्यापेक्षा कमीच. तुम्हाला हवं ते जड ढिगांतून न डगमगता जाणारं अंग, आणि पाऊस पडून रात्रीत गोठलेल्या रनवर पकडणारी एज.

म्हणून मी सांगेन, ९२ ते ९५ मिलिमीटर, लांबी १६२ ते १६६, टोकाला बेताचा रॉकर, धातू असावा पण दोन पूर्ण पत्रे नकोत. ६२ किलोच्या माणसाला दोन पत्र्यांची स्की वाकवायला वेग लागतो, आणि काळ्या रनवर तुम्ही अजून जपून उतरता आहात. तुमचे हे म्हणतात ते ८८ चूक नाही. झाडीत आणि न तुडवलेल्या बर्फात शिरायचंच नसेल तर तेच घ्या. दुकानदाराची ९८ ही पावडरच्या त्या मोजक्या, मनात घर केलेल्या सकाळींसाठी आहे. जोडी निवडताना उरलेला हिवाळा कुठे घालवता ते धरा.

विकत घेण्याआधी एक दिवस डेमो जोडी भाड्याने घ्या आणि ती सकाळी नव्हे, दुपारनंतर पारखा. आणि बूट अजून भाड्याचेच असतील तर आधी बूट. पाय बुटात हलत असेल तर स्कीला तुमचं म्हणणं कळणारच नाही.

प्रश्न : पुण्याहून लिहितो आहे. जर्मनीत शिकायला होतो तेव्हा ९० मिलिमीटरची ऑल-माउंटन स्की घेतली, आल्प्समध्ये तिच्यावर भरपूर फिरलो. आता फेब्रुवारीत मित्रांबरोबर गुलमर्गला जायचं ठरतंय. सगळे सांगतात, तिकडे खोल पावडर असते, ९० ने भागणार नाही, तिथेच रुंद भाड्याने घे. स्की विमानातून वाहून नेण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : न्या. आणि एखाद्या दिवशी तिथे रुंद जोडी भाड्याने घ्यायचे पैसेही बाजूला ठेवा.

गुलमर्ग गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत नेतो, दुसरा अफरवाटच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर. आल्प्समध्ये तुम्ही ज्याला रन म्हणता तसे रोज ग्रूम होणारे रन इथे थोडेच, तेही खालच्या भागात. वरचा सगळा डोंगर निसर्गाने जसा ठेवला तसा. जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमी झंझावात आले की दोन-तीन दिवस सलग बर्फ पडतो, मग आकाश मोकळं होतं आणि थंडी वाढते. लोक ज्याचं वर्णन करतात तो बर्फ म्हणजे त्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस.

पण एकाच उतरणीत किती प्रकार भेटतात ते ध्यानात घ्या. वर कड्याजवळ वाऱ्याने दाबलेला, ठोकला तर पोकळ वाजेल असा थर. इथे एज लागते. ९० ची स्की रुंद स्कीपेक्षा इथे तुम्हाला जास्त साथ देईल. खाली वाटीत आलात की पावडर. मग भोजपत्राची आणि देवदार-फरची झाडी, तिथे सावलीत बर्फ टिकलेला असतो आणि झाडांमधून वळायला चपळ स्की हवी. बाबा रेशीकडे किंवा टंगमर्गच्या दिशेने आणखी खाली गेलात तर उंची कमी होत जाते, बर्फ ओला आणि जड होतो, दुपारनंतर सावली पडली की त्याच्यावर पापुद्रा धरतो. या चारांपैकी एका ठिकाणी ११० ची स्की तुमच्या स्कीहून सरस ठरेल, फार तर दीड ठिकाणी म्हणा. बर्फ कमरेइतका पडला तर मात्र ९० वर हट्ट धरू नका, त्या दिवशी रुंद घ्या. त्या खोलीत अरुंद स्कीवर पडलात तर उठण्यातच दम जातो, आणि ३,९०० मीटरवर पुण्याहून आलेल्या माणसाला दम आधीच कमी असतो.

उलटही होतं. २०२४ चा जानेवारी जवळजवळ अख्खा कोरडा गेला, गुलमर्गचे उतार तपकिरी दिसत होते, बर्फ महिनाअखेरीस आला. अशा पातळ हंगामात वरून मऊ दिसणाऱ्या बर्फाखाली दगड असतात. स्कीचा तळ पॉलिथिलीनचा असतो, दगडाने त्याला चर पडतात. बारीक चर पी-टेक्स या प्लॅस्टिकची कांडी वितळवून त्यात भरून बुजवता येतो, ती कांडी आणि एक सपाट पातं बॅगेत असू द्या. चर एजला लागून असेल किंवा आतला लाकडी गाभा दिसत असेल तर घरगुती इलाज नको, पाणी आत शिरून स्की फुगते.

निघण्याआधी पुण्यातच एक गोष्ट करा. स्की उलटी करून एजवरून नखाची कड आडवी ओढा. नखाचा बारीक पांढरा भुसा एजवर राहिला तर धार आहे. नख नुसतं घसरलं तर नाही. जर्मनीहून आल्यापासून स्की पिशवीतच असेल तर आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात एज गंजलेली असणार. वरवरचा तपकिरी गंज डायमंड स्टोनने किंवा अगदी बारीक पॉलिश पेपरने निघतो. खड्डे पडले असतील तर कानस लावावी लागते. ते काम सवयीच्या हाताकडून करून घ्या.

आणि तिथे भाड्याने जोडी घेताना नुसती रुंदी बघून खूश होऊ नका. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा सांधा, तुमच्या बुटाच्या तळाला बसतं का, ते बघा. तुमचे बूट ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपं जावं म्हणून वळवलेल्या तळाचे असतील तर जुनी बाइंडिंग त्यांना चालत नाहीत. तसंच जोडून फिरलात तर पडल्यावर बूट वेळेवर सुटणार नाही, आणि गुडघा जातो तो असाच. डीआयएनचा आकडा, म्हणजे बाइंडिंग किती जोराला सुटेल तो, दोन्ही पायांचा, पुढचा आणि मागचा, स्वतः वाचून घ्या. तुमचा आकडा जर्मनीतल्या दुकानाने दिलेल्या कागदावर असेल, तो फोनमध्ये ठेवा.

रुंदीच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते, म्हणून ती ठसवून लिहिते. गोंडोलातून वर उतरून कडेने आडवं चालत गेलं की तुम्ही हिमस्खलनाच्या प्रदेशात असता. २०२३ च्या फेब्रुवारीत पोलंडचे दोघे आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन स्कीपटू अफरवाटवर हिमस्खलनात गेले. कुठलीही स्की यातून वाचवत नाही. बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकाकडे हवं, एकाकडे असून चालत नाही, कारण गाडला गेलेला स्वतःला उकरू शकत नाही. ते वापरण्याचा सराव गावातल्या सपाट बर्फावर पहिल्याच दिवशी करा. स्थानिक गाइड घ्या, सकाळचा हिमस्खलनाचा इशारा वाचा आणि स्की पॅट्रोलने बंद ठेवलेल्या भागात जाऊ नका. पहिला दिवस पहिल्या टप्प्यावरच काढा. उंचीची सवयही होईल आणि ९० ची स्की काय म्हणते तेही कळेल.

प्रश्न : एडिसनहून आम्ही व्हरमाँटला जातो. दोन वर्षांपूर्वी ९६ मिलिमीटरची ऑल-माउंटन घेतली. मऊ बर्फावर छान, पण जानेवारीत रन कडक झाला की घसरत खाली जाते, वळण धरतच नाही. स्की बदलावी का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आधी एज बघू. दोन वर्षांत ट्यूनिंग किती वेळा केलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ज्यांनी वरचेवर केलेलं असतं ते बहुधा लिहितात.

पूर्वेकडचा बर्फ वेगळा, आणि तो तसा का होतो ते समजून घ्या. तिथे जानेवारीत मध्येच दोन दिवस ऊब येते, पाऊस पडतो, मग रात्रीत पारा खाली येतो आणि ओला झालेला अख्खा रन गोठतो. शिवाय बराचसा बर्फ यंत्राने पाडलेला. त्याचे कण नैसर्गिक चांदण्यांचे नसून गोठलेल्या थेंबांचे, गोल असतात आणि घट्ट बसतात. एक घनमीटर ताजा नैसर्गिक बर्फ शंभर किलोच्या आसपास भरतो, यंत्राचा चारशे-पाचशे किलो. अशा पृष्ठभागावर स्की टेकते ती एजच्या जेमतेम एका ओळीवर.

टेबलावर अशी स्की आली की मी ती शिकंज्यात कडेवर उभी बसवते आणि एजवरून बोट हलकेच, आडवं फिरवते. निस्तेज एज गोल लागते, आणि तिच्यावर दिवा धरला तर कडेवर पांढरी रेघ चमकते. धारदार कडेवर उजेड थांबत नाही, रेघ दिसत नाही. बऱ्याचदा दगड लागून जागोजागी कडक झालेले बारीक काटे असतात. ते आधी डायमंड स्टोनने काढावे लागतात, नाहीतर कानस त्यांच्यावरून नुसती घसरते आणि स्वतःच बोथट होते. मग बाजूची एज कानशीने, कोन धरणारं गाइड लावून, टोकाकडून शेपटीकडे एका दमात. ऑल-माउंटन स्कीला तळाकडून एक अंश आणि बाजूने दोन अंश हे माप बहुतेकांना मानवतं. तुमच्या बर्फासाठी बाजूने तीन अंश करून मागितलंत तरी हरकत नाही, पकड वाढेल, धार मात्र लवकर जाईल. तळाकडच्या अंशाला उगाच हात लावू देऊ नका. तो एकदा वाढला की अख्खा तळ यंत्रावर घासल्याशिवाय परत येत नाही, आणि पकड न मिळण्याचं हे एक लपून राहणारं कारण आहे. तिकडच्या कडक हंगामात एजवर डायमंड स्टोनचा हात दर एक-दोन दिवसांच्या स्कीइंगनंतर फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे.

उतरताना घसरायला लागलं की माणूस स्की आणखी तिरकी करतो आणि शरीर डोंगराकडे झुकवतो. त्याने बाहेरच्या स्कीवरचा भार निघून जातो आणि ती सुटते. भार वळणाच्या सुरुवातीलाच बाहेरच्या स्कीवर द्या, हळूहळू वाढवा. आणि जिथे बर्फ करडा-निळा, पारदर्शक दिसतो तिथे वळूच नका. तेवढी जागा सपाट स्कीवर सरळ ओलांडा आणि पलीकडे खरवडून साठलेल्या मऊ पट्ट्यावर वळा. रनच्या कडांना असे पट्टे दुपारी हमखास सापडतात.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर मग स्कीकडे बोट दाखवा. स्लॅलमच्या शर्यतीची स्की बुटाखाली पासष्ट-अडुसष्ट मिलिमीटर असते, ती कडक बर्फासाठीच. व्हरमाँटमध्ये रोजची जोडी म्हणून मी ८० ते ८८ सुचवेन, धातूची. ९६ विकू नका, फेब्रुवारी-मार्चमध्ये वादळ आलं की ती काढा.

प्रश्न : झुरिकहून. ईस्टरच्या सुट्टीत सकाळी स्की उत्तम चालते, एक वाजला की सपाट भागात जागीच रुतल्यासारखी थांबते, दोनदा तोंडावर आपटले. ऑल-माउंटन स्की वसंतात चालत नाही का?
– एक वाचक, स्वित्झर्लंड

उत्तर : वसंतातल्या बर्फाला ही स्की फार चांगली. लगद्याच्या ढिगांवरून ती अरुंद स्कीसारखी अडखळत नाही. तुमची अडचण तळाची आहे.

स्की घसरते ती तळाखाली घर्षणाने तयार होणाऱ्या पाण्याच्या अगदी पातळ थरावर. दुपारी बर्फातच एवढं पाणी असतं की तो थर जाड होतो आणि सपाट तळ त्याला चिकटतो. उपाय दोन. उबदार तापमानाचा वॅक्स लावा, खरवडा, आणि मग ब्रशने नीट घासून काढा. वॅक्सचा जाड थर तसाच ठेवला तर उलट जास्त चिकटतं. दुसरा, दुकानात सांगून तळावर जाड रेघांचं स्टोन ग्राइंडिंग करून घ्या, त्या रेघांतून पाणी निघून जातं. एप्रिलमध्ये बर्फावर धूळ आणि परागही साठतात, म्हणून रोज संध्याकाळी तळ पुसा. एजही पुसा, ओली स्की पिशवीत रात्रभर राहिली की सकाळी गंज दिसतो.

आणि वेळ गाठा. रात्री आकाश निरभ्र राहून बर्फ गोठला असेल तर सकाळी तो टणक असतो, मग वरचे दोन-चार सेंटिमीटर सुटतात आणि भिजवलेल्या साबुदाण्याएवढे दाणे मोकळे होतात. तो तासभर म्हणजे वसंताचं सगळ्यात सुंदर स्कीइंग. आधी पूर्वेकडचे उतार मऊ होतात, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे, त्या क्रमाने डोंगराभोवती फिरा. रात्र ढगाळ असेल तर बर्फ गोठलेलाच नसतो, त्या दिवशी लवकर वर जा आणि लवकर खाली या. बूट लगद्यात बुडायला लागले की तीव्र उतारांवर थांबूच नका, ओला बर्फ थरासकट सुटतो.

प्रश्न : शेजाऱ्यांनी त्यांची जुनी ऑल-माउंटन जोडी फुकट देऊ केली आहे. बारा-तेरा वर्षं गॅरेजमध्ये होती. घ्यावी का?
– एक वाचक, बोल्डर

उत्तर : फळी कदाचित चांगली असेल, बाइंडिंगचं सांगता येत नाही. उत्पादक दर वर्षी दुकानांना, ज्यांची जबाबदारी ते अजून घेतात अशा बाइंडिंगची यादी देतात, त्यातून नाव निघालेल्या जुन्या बाइंडिंगला अमेरिकेतली दुकानं सहसा हात लावत नाहीत. मॉडेल बघून आधी फोन करा. यादीत असेल तर तळ बघा. पांढुरका, कोरडा पडला असेल तर दोन-तीनदा गरम वॅक्स पाजलं की तो सावरतो. एजचा गंज खोल गेला नसेल तर तीही सावरते. बाइंडिंग यादीत नसेल तर फळीला नवं बसवण्याचा खर्च विचारा. त्याच्यात थोडी भर घालून हंगामाअखेरच्या सेलमध्ये बाइंडिंगसकट डेमो जोडी मिळत असेल तर तीच घ्या, आणि तुमच्या बुटांवर तिची रिलीज टेस्ट, म्हणजे बाइंडिंग नेमकं सुटतं का ती तपासणी, करून तो कागद मागून घ्या.